राजवाडा कोणत्या सालचा उभा करायचा? (शहराचं थ्रीडी मॉडेल आणि काळ)

खजुरी_बाजार

मंडळी, प्रश्न जरा तांत्रिक आहे, पण आपल्या इंदूरचाच आहे म्हणून इथे टाकतोय.

आम्ही काही जण हौस म्हणून राजवाडा ते कृष्णपुरा छत्र्या या पट्ट्याचं थ्रीडी मॉडेल करतोय. जुने फोटो, लोकांच्या घरातले पिवळे पडलेले नकाशे आणि आता लेझरने घेतलेली मापं, असा सगळा माल आहे. सुरुवातीला ठरवलं की एकेका काळाची एकेक फाइल करायची. १९१८ ची, १९८० ची, २०१० ची आणि आजची. खाली एक स्लायडर. सरकवला की शहर बदलतं. दिसायला झकास.

आता घोडं अडलंय. एका वाड्याची उंची लेझरने मोजली, ती आमच्या जुन्या अंदाजापेक्षा चांगली दीड मीटर कमी निघाली. वाडा तर शंभर वर्षं आहे तसाच उभा आहे. म्हणजे चारही फायली उघडायच्या, चारही ठिकाणी दुरुस्ती करायची. एखादी राहिली की स्लायडर सरकवताना वाडा मध्येच उंच होतो आणि पुन्हा खाली बसतो. बघणारा विचारतो, मजला चढवला होता का?

दुसरं दुखणं राजवाड्याचं. १९८० च्या फाइलमध्ये राजवाडा शाबूत. २०१० च्या फाइलमध्येही शाबूत. १९८४ च्या दंगलीत मागचा भाग जळला आणि २००७ मध्ये पुन्हा बांधून झाला, ही मधली तेवीस वर्षं आमच्या मॉडेलच्या गावीही नाहीत.

कुणी असलं काही केलंय का? कसं करतात?

नंदलालपुरा

वाचतोय. पण भिया, हे बघणार कोण? लोकांना आजचा राजवाडा बघायला वेळ नाही, सगळे सराफ्यात खायला पळतात.

त्रिमिती

मी बघणार. मूळची रामबागेतली, आता पुण्यात याच कामात आहे.

खजुरी, फायलींची वाट सोडा. काळ फाइलला चिकटवायचा नाही, वस्तूला चिकटवायचा. प्रत्येक इमारतीला, गरज असेल तिथे इमारतीच्या भागालाही, स्वतःची 'पासून' आणि 'पर्यंत' द्या. '१९९० दाखव' म्हटलं की ज्यांच्या मुदतीत १९९० बसतं तेवढ्याच वस्तू उभ्या राहतील. वाड्याची उंची एकाच जागी लिहिलेली असेल आणि एकाच जागी दुरुस्त होईल. मधली तेवीस वर्षंही हरवणार नाहीत, कारण तुम्ही ठरावीक सालांचे फोटो काढत नसून बदल जिथे झाला तिथे त्याची नोंद करत असाल.

पण खरी मेख पुढे आहे. तुमच्या दोन्ही तक्रारी एका जातीच्या नाहीत. राजवाड्याचा मागचा भाग जळला, हा शहरात झालेला बदल. वाडा दीड मीटरने बुटका निघाला, तेव्हा शहरात काहीच झालं नाही, तुमची माहिती बदलली. या दोन गोष्टी एकाच तारखेच्या रकान्यात कोंबल्या की मॉडेल खोटं बोलायला लागतं.

सिटीजीएमएल नावाचं ओजीसीचं (नकाशा-माहितीची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मानक आहे, शहरांची थ्रीडी मॉडेलं लिहून ठेवण्याचं. पहिली आवृत्ती २००८ ची, २.० आली २०१२ मध्ये. तिच्यात नोंद कधी झाली आणि कधी रद्द झाली हे लिहायची सोय होती, इमारतीचं बांधकामाचं आणि पाडल्याचं सालही टाकता यायचं. पण एकच इमारत आपल्या हयातीत बदलत जाते, ती कशी मांडायची, याला नीट उत्तर नव्हतं. २०२१ च्या ३.० मध्ये प्रत्येक वस्तूला चार तारखा आहेत. 'व्हॅलिडफ्रॉम' आणि 'व्हॅलिडटू' या प्रत्यक्षातल्या, 'क्रिएशनडेट' आणि 'टर्मिनेशनडेट' या नोंदवहीतल्या.

यामुळे दोन प्रश्न वेगवेगळे विचारता येतात. १९९० मध्ये वाडा केवढा होता? आणि, १९९० चा वाडा केवढा होता असं आपण गेल्या वर्षी समजत होतो? दुसरा प्रश्न रिकामटेकडा वाटेल. पण मॉडेल बघून कुणी परवानगी दिली किंवा कर लावला, आणि प्रकरण कोर्टात गेलं, की वकील नेमका तोच विचारतो.

नंदलालपुरा

वकील म्हटल्यावर सावरून बसलो. चालू द्या.

पलासिया_पार

चार तारखा वगैरे कागदावर छान. खजुरीच्या हौशी मंडळींना झेपणार आहे का? मी एका प्रकल्पात पाहिलंय. कंत्राटदाराने दरवर्षी नवं मॉडेल दिलं, आधीचं त्यावरच पुसून टाकलं. 'लेटेस्ट पाहिजे ना साहेब?' झालं. मागच्या वर्षी कुठला मजला नव्हता हे विचारायला गेलं तर उत्तर मिळेना. बॅकअपच्या हार्ड डिस्कवर धूळ.

साधा उपाय सांगतो. क्यूजीआयएस या फुकटच्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये ३.१४ पासून, म्हणजे २०२० पासून, टेम्पोरल कंट्रोलर आहे. टेबलात सुरुवात आणि शेवट असे दोन रकाने ठेवा, तो स्लायडर फुकटात देतो. वेबवर दाखवायचं तर ब्राउझरमध्ये थ्रीडी नकाशे दाखवणाऱ्या सीझियमच्या सीझेडएमएल फाइलमध्ये प्रत्येक वस्तूला ती कधीपासून कधीपर्यंत दिसावी हे लिहिता येतं. इतिहासाचे नकाशे करणारे ओपनहिस्टॉरिकलमॅपवाले पण तेच करतात, एक 'स्टार्ट डेट', एक 'एंड डेट'. आणि नोंदीचा इतिहास हवाच असेल तर सिटीजेसनची (सिटीजीएमएलचंच सुटसुटीत रूप) फाइल गिटमध्ये, म्हणजे फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, टाका. मजकुराचीच फाइल आहे, कोणी कधी काय बदललं ते आपोआप राहतं.

त्रिमिती

पलासिया, सीझियम आणि क्यूजीआयएसबद्दल सहमत, सुरुवात तिथूनच व्हावी. गिटबद्दल अर्धवट सहमत. गिटला फक्त नोंदीचा काळ कळतो. १९८४ ची आग तुम्ही आज लिहिली तर गिटच्या लेखी ती आजच लागली. प्रत्यक्षातल्या तारखा फाइलच्या आत लिहाव्याच लागतील.

जुनी_इंदूर

मी संगणकातला नाही. सेवानिवृत्त ओव्हरसियर. पण धागा वाचून राहवेना.

आमच्या मामांचं घर रस्ता रुंदीकरणात गेलं. 'गेलं' असं आम्ही म्हणतो, खरं तर पुढचा भाग गेला. आधी लाल रंगाने निशाण मारून गेले, मग मामांनी स्वतःच मजूर लावून पाडून घेतलं, म्हणजे मागच्याला हादरा नको. दर्शनी खोली, तिच्यावरची गॅलरी, सागवानी खांब, सगळं उतरवलं. आता काय झालंय, की जी माजघराची भिंत होती तीच रस्त्याकडची भिंत झाली. घाईत गिलावा केला तो अर्ध्यापर्यंतच. वर अजून माजघराचा निळा चुना दिसतो. देवाचा कोनाडा थेट रस्त्यावर आलाय आणि शेजारचा पानवाला त्यात चिल्लर ठेवतो. दाराला उंबरा आहे तो आतल्या खोलीचा, बारीक.

आता मला सांगा, तुमच्या मॉडेलमध्ये हे घर 'पाडलं' लिहिणार की 'बदललं'? मालमत्ता कराचं खातं तेच आहे. विजेचा मीटर तोच. मामी म्हणते, घर तेच. मामा मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, माझं घर गेलं. तिथून पुढे लहान भावाने वाटणी घेतली, मधून भिंत घातली, जिना वेगळा केला. आता दोन घरं.

आणि दुसरं. तुम्ही तो वाडा लेझरने मोजलात म्हणता, उंची कुठून मोजलीत? रस्त्यावरून ना? त्या भागात आमच्या लहानपणी ओट्यावर जायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. डांबरावर डांबर, मग त्यावर सिमेंट. आता काही घरांत एक पायरी खाली उतरून जावं लागतं, पावसाळ्यात दाराशी फळी लावतात. वाडा बुटका झालेला नाही, रस्ता चढलाय.

खजुरी_बाजार

काका, साष्टांग दंडवत. रस्त्यावरूनच मोजली. जुना अंदाज फोटोवरून होता, त्यात तिन्ही पायऱ्या धरलेल्या.

म्हणजे दीड मीटरमधले दोनेक फूट खरोखरचे, शहरात झालेले, आणि उरलेला फरक अंदाजातला. एकाच आकड्यात दोन्ही बदल गुंतलेत.

त्रिमिती

हे भारी निघालं. काकांनी माझंच उदाहरण मोडीत काढलं, आणि बरोबर मोडीत काढलं.

यावर तोडगा आहे. 'रस्त्यापासून उंची' हे मूळ माप म्हणून ठेवूच नका. जोत्याची पातळी आणि वळचणीची पातळी, दोन्ही समुद्रसपाटीपासून लिहा. (आपलं इंदूर साधारण ५५० मीटरवर.) रस्ता म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग ही वेगळी वस्तू, तिलाही स्वतःची मुदत. डांबराचा थर चढला की जमिनीची नवी आवृत्ती, घर जसंच्या तसं. पायऱ्या मॉडेलमधून काढायच्या नाहीत, त्या जमिनीखाली राहू द्या. स्लायडर मागे नेला की आपोआप वर येतील. 'रस्त्यापासून उंची' हवी तेव्हा त्या त्या सालची वजाबाकी करून काढा.

एक सावधगिरी. जीपीएसवाली यंत्रं जी उंची देतात ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीची नव्हे. आपल्याकडे दोन्हींत कित्येक मीटरचं अंतर पडतं. सर्व्हे ऑफ इंडियाचा बेंचमार्क जवळपास असेल तर त्याला बांधून घ्या, नाहीतर पुढच्या मोजणीला वाडा एकदम खोल विहिरीत गेलेला दिसेल.

आता मामांच्या घराबद्दल. 'तेच घर की नवं' याचं उत्तर संगणक देत नाही, माणसांनी ठरवून नियम करायचा असतो. डच लोकांच्या इमारतींच्या राष्ट्रीय नोंदवहीत प्रत्येक इमारतीला सोळा आकडी क्रमांक असतो. परवानगी मिळाली, काम सुरू झालं, वापरात आली, पाडली, हे सगळे टप्पे त्याच क्रमांकाखाली चढत जातात. सिटीजीएमएल ३.० मध्येही असंच, वस्तूची कायमची ओळख एक आणि तिच्या प्रत्येक आवृत्तीची ओळख वेगळी. मी तुमच्या जागी असते तर मामांच्या घराची ओळख कायम ठेवली असती, रुंदीकरणाला जुनी आवृत्ती बंद करून नवी उघडली असती. वाटणीला मात्र एक ओळख संपली आणि दोन सुरू झाल्या, आणि त्या दोघी कुणापासून निघाल्या याचा दुवा लिहायचा. हा दुवा लोक विसरतात. मग वीस वर्षांनी दोन घरं आभाळातून पडल्यासारखी दिसतात.

जुनी_इंदूर

नियम पटला. पण राजवाड्याला हाच नियम लावाल तर माझा आक्षेप आहे. २००७ मध्ये जो मागचा भाग झाला तो कितीही हुबेहूब असला तरी नवा आहे. जळलेलं परत येत नाही.

कृष्णपुरा_पूल

काका, मग राजवाडा जुना कुठला म्हणायचा? १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं तेव्हाही जाळला होता. पुन्हा उभा राहिला तो दुसऱ्या मल्हाररावांच्या कारकिर्दीत. म्हणजे १९८४ मध्ये जे जळलं तेही 'मूळ' नव्हतंच. ओळख साहित्याने ठरवली तर राजवाडा दर पिढीला मेलेला दाखवावा लागेल.

त्रिमिती

दोघांचं ऐकून माझं मत. राजवाडा तुकड्यांनी घ्या. समोरचा सात मजली दरवाजा वेगळा, त्यातही खालचे तीन दगडी मजले आणि वरचे चार लाकडी असे भाग पाडता येतील, कारण आगीत दोन्हींचं नशीब सारखं नसतं. मागचा भाग वेगळा. संपूर्ण राजवाड्याची ओळख एकच, अखंड. मागच्या भागाची एक आवृत्ती १९८४ पर्यंत, दुसरी १९८४ ते २००७, तिसरी पुढे.

दुसरी आवृत्ती म्हणजे रिकामी जागा नाही हे लक्षात घ्या. ३.० मध्ये बांधकामाची अवस्था नोंदता येते. प्रस्तावित, काम चालू, वापरात, मोडकळीला आलेली, भग्न, पाडलेली. त्या तेवीस वर्षांची अवस्था 'भग्न'. काकांच्या समाधानासाठी तिसऱ्या आवृत्तीला 'पुनर्बांधणी' असा शेरा ठेवा, म्हणजे आकार सारखा असला तरी वय सारखं दिसणार नाही.

सगळेच बदल दगडामातीचे नसतात, हेही सांगून ठेवते. गांधी हॉल १९०४ चा, तेव्हा किंग एडवर्ड हॉल, १९४८ मध्ये नाव बदललं. घड्याळाचा मनोरा जागचा हलला नाही, तरी आवृत्ती नवी. फक्त तिला थ्रीडी आकार पुन्हा साठवायची गरज नाही, जुन्याच आकाराकडे बोट दाखवायचं. नाहीतर हार्ड डिस्क रडते.

पलासिया_पार

आणि एबी रोडची बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखलेली वेगळी मार्गिका? २०१३ ला चालू, फेब्रुवारी २०२५ ला हायकोर्टाने काढायला हिरवा कंदील दिला. आता 'व्हॅलिडटू' कुठली तारीख टाकणार? निकालाची, पहिलं रेलिंग उखडलं त्याची, की शेवटचं स्टेशन हटवल्याची?

त्रिमिती

तिन्ही वेगळ्या. निकाल ही घटना म्हणून नोंदवा, त्याने आकार बदलत नाही. आणि साडेअकरा किलोमीटरची मार्गिका ही एक वस्तू ठेवूच नका. चौक ते चौक असे तुकडे, रेलिंग वेगळं, स्टेशन वेगळं. ज्या तुकड्याचं रेलिंग ज्या दिवशी गेलं त्या दिवशी त्याची मुदत संपली. पांढरं-काळं एका रात्रीत होणारे बदल शहरात फार कमी.

उलट टोकाचे बदल, म्हणजे त्या रस्त्यावर मिनिटामिनिटाला किती गाड्या आहेत, छतावर किती ऊन पडतंय, हे आवृत्त्यांमध्ये घालू नका. दर मिनिटाला रस्त्याची नवी आवृत्ती काढत बसाल. त्यासाठी ३.० मध्ये 'डायनमायझर' नावाचा वेगळा भाग आहे. वस्तू तीच ठेवून तिच्या एखाद्याच गुणाला आकड्यांची मालिका किंवा सेन्सर जोडतो. तुमच्या हौशी कामाला त्याची गरज नाही, माहीत असावं म्हणून सांगितलं.

गेडिस_वाचणारा

उशिरा आलोय. १९१८ चं साल धाग्यात दिसलं म्हणून थांबलो. खजुरी, ती फाइल नगररचनाकार पॅट्रिक गेडिसच्या अहवालावरून केलीय ना?

खजुरी_बाजार

हो, इंदूर दरबाराला दिलेला तो दोन खंडांचा अहवाल. त्यातले नकाशे फार कामाला आले.

गेडिस_वाचणारा

मग जपून. गेडिसच्या नकाशांत त्याने पाहिलेलं इंदूर आहे आणि त्याला हवं असलेलं इंदूरही. हा माणूस बोळ सरसकट रुंद करायच्या विरुद्ध होता. एखादं पडकं घर काढा, तिथे झाड लावा, बाकीची वस्ती हलवू नका, अशी त्याची रीत. त्यामुळे त्याच्या सूचना इतक्या बारीक असतात की नकाशावर असलेलं आणि सुचवलेलं यांची सरमिसळ सहज होते. त्यातलं सगळं काही झालं नाही. तुम्ही एखादा न झालेला चौक १९१८ च्या फाइलमध्ये पक्का बांधून बसला असाल.

(अवांतर: प्लेग हटवायला याच गेडिसने इंदुरात दिवाळीची मिरवणूक काढून त्यात उंदराचा भला थोरला पुतळा जाळला होता. स्वच्छतेत पहिल्या नंबराचं खूळ आपल्याकडे जुनंच.)

त्रिमिती

यालाही जागा आहे. ३.० मध्ये एका आवृत्तीतून दुसरीकडे जाण्याचे प्रकार दिलेत. ऐतिहासिक क्रम, नियोजित, प्रत्यक्षात आलेला, फाटा फुटणं, फाटे एकत्र येणं. गेडिसचं सुचवलेलं इंदूर हा १९१८ पासून फुटलेला नियोजित फाटा. त्यातलं जे बांधलं गेलं ते मूळ प्रवाहात घ्या, उरलेलं फाट्यावर तसंच राहू द्या. स्लायडरवर नाही, बाजूला एक बटण.

नंदलालपुरा

मी 'बघणार कोण' विचारलं होतं ते मागे घेतो. या बटणासाठी मी पैसे देईन. थोडे.

कृष्णपुरा_पूल

एक अडचण राहिलीच. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचं साल कुणालाच माहीत नाही. 'आजोबांच्या वेळी' हे साल कुठल्या रकान्यात लिहायचं?

त्रिमिती

एक तारीख लिहू नका, दोन लिहा. 'या सालाआधी नक्की नव्हतं' आणि 'या सालापर्यंत नक्की झालेलं'. पहिला पुरावा एखादा नकाशा ज्यात जागा मोकळी दिसते, दुसरा फोटो ज्यात घर दिसतं. संपण्यालाही तसंच. मधल्या काळात ते घर स्लायडरवर अर्धपारदर्शक दाखवा. शेजारी पुराव्याचा रकाना हवाच: नकाशा, फोटो, खरेदीखत, की नुसतं सांगणं. तारखा लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या मानकाच्या २०१९ च्या दुसऱ्या भागात 'अंदाजे' आणि 'शंकास्पद' अशा खुणा तारखेतच लिहायची सोय आहे, पण क्यूजीआयएसला त्या थेट पचत नाहीत. दोन साधे रकानेच बरे.

पुढे मोठं करायचं झालं तर थ्रीडीसिटीडीबी या शहर-मॉडेलांच्या डेटाबेसची पाचवी आवृत्ती सिटीजीएमएल ३.० घेते. तोवर टेबल पुरे.

खजुरी_बाजार

ठरलं. चार फायली बंद. पहिला तुकडा राजवाड्याचा मागचा भाग आणि समोरचा वाडा, पायऱ्यांसकट. १९८४ ते २००७ मधले मागच्या भागाचे फोटो आमच्याकडे जवळजवळ नाहीत. सगळे लोक समोरून फोटो काढतात. कुणाकडे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जुनी_इंदूर

माझ्याकडे आहेत. खात्यातर्फे एकदा आत जाणं झालं होतं. रविवारी सकाळी या. पोहे घरीच होतील, बाहेरून खाऊन येऊ नका.

त्रिमिती

काका, खजुरी, फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करा. आणि स्टुडिओचा शिक्का असला तर ती तारीख प्रिंटची धरा, फोटोची नाही. पूर्वी रोल संपेपर्यंत धुवायला टाकत नसत.